डोळ्यांत घालायचे थेंब: ब्रँडचे की जेनेरिक, हे कसं ठरवावं

आईला काचबिंदू, म्हणजे डोळ्याच्या आतला दाब सहसा वाढून हळूहळू नजर जाणारा आजार, असल्याचं कळलं आणि तिच्या डोळ्यांत रोज रात्री औषध घालायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या महिन्यात बाटली बदलली. नाव वेगळं, झाकण वेगळं, आकारही वेगळा. आई म्हणाली, "हे माझं औषध नाही." फार्मासिस्ट म्हणाले, "तेच आहे, फक्त जेनेरिक आहे," म्हणजे मूळ ब्रँडचं औषध दुसऱ्या कंपनीने केलेलं. दोघांचंही खरं होतं, पण ते समजायला मला बरेच दिवस लागले.

आईचं औषध लॅटॅनोप्रोस्ट, ०.००५ टक्के. म्हणजे बाटलीतल्या दर वीस हजार भागांत औषधाचा एक भाग. उरलेले १९,९९९ भाग म्हणजे पाणी, मीठ, सामू (pH, म्हणजे आंबट-खारटपणाचं माप) सांभाळणारे क्षार आणि जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं परिरक्षक. फार्मासिस्ट त्या एका भागाबद्दल बोलत होते. आईच्या डोळ्याला आणि हाताला जाणवत होतं ते उरलेल्या भागांतलं आणि बाटलीतलं. थेंबांच्या बाबतीत जेनेरिक की ब्रँड हा प्रश्न बहुतेक वेळा या उरलेल्या भागांचाच असतो. म्हणून हा लेख त्याच वाटेने जातो. तुमच्या नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय थेंब बदलायचे नाहीत, हे धरूनच पुढचं वाचा. त्यांना नेमकं काय विचारायचं, ते इथे सापडेल.

गोळीचा नियम थेंबाला लावू नका

जेनेरिक गोळी मूळ गोळीइतकीच आहे हे तपासायची रीत ठरलेली आहे. निरोगी माणसांना दोन्ही गोळ्या देतात, रक्तात औषध किती आणि किती वेगाने उतरतं ते मोजतात, आणि दोघींचं गुणोत्तर ८० ते १२५ टक्क्यांच्या चौकटीत बसावं लागतं. या आकड्यावरून पुष्कळांचा समज होतो की जेनेरिकमध्ये औषध २० टक्के कमी असू शकतं. तसं नाही. मोजमापातली सगळी अनिश्चितता धरून ते गुणोत्तर चौकटीत बसवायचं असतं, त्यामुळे सरासरीतला खरा फरक एरवी बराच लहान असतो. आणि ही चौकट शरीरात शोषल्या जाणाऱ्या औषधाची आहे, गोळीत किती औषध भरलंय याची नव्हे.

डोळ्याच्या थेंबाचं काम डोळ्यातच असतं, त्यामुळे रक्त तपासून फारसं हाती लागत नाही. डोळ्याच्या आतल्या पाण्यात औषध किती उतरलं हे पाहायचं तर ते पाणी काढावं लागतं. निरोगी माणसाच्या डोळ्यात सुई कोण घालणार? म्हणून काही औषधांसाठी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला आलेल्या रुग्णांच्या संमतीने, शस्त्रक्रियेच्या वेळीच ते पाणी थोडंसं घेऊन तपासतात. साध्या पारदर्शक द्रावणाच्या बाबतीत अमेरिकेसारख्या देशांत वेगळी सोय आहे: जेनेरिकचे सगळे घटक आणि त्यांचं प्रमाण मूळ औषधासारखंच असेल, तर माणसांवर वेगळी चाचणी सहसा मागत नाहीत. तर्क सरळ आहे. तेच घटक त्याच प्रमाणात पाण्यात विरघळलेले असतील तर डोळ्याला वेगळं काय कळणार? दुधाळ किंवा गढूळ थेंबांना मात्र हा तर्क पुरत नाही. त्याकडे पुढे येते.

पहिलं काम: औषधाचं खरं नाव पाठ करा

बाटलीवर दोन नावं असतात. मोठ्या अक्षरांतलं कंपनीचं, बारीक अक्षरांतलं औषधाचं. आपल्या लक्षात मोठं राहतं आणि उपयोगाचं असतं ते बारीक. झॅलाटान हे मोठं नाव, लॅटॅनोप्रोस्ट हे बारीक. कित्येक जेनेरिक बाटल्यांवरही कंपनीने स्वतःचं एखादं मोठं नाव छापलेलं असतं, त्यामुळे 'मोठं नाव म्हणजे ब्रँड' हाही ठोकताळा चालत नाही.

बारीक नावाच्या शेपटीवरून औषधाचं कुळ कळतं. शेवटी 'प्रोस्ट' असेल तर ते डोळ्यातलं पाणी बाहेर वाहून जाण्याची वाट मोकळी करणारं: लॅटॅनोप्रोस्ट, ट्रॅव्होप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट. 'ओलॉल' असेल तर टिमोलॉलसारखं, पाणी कमी तयार व्हावं म्हणून दिलेलं. 'झोलामाइड' म्हणजे डॉर्झोलामाइड, ब्रिंझोलामाइड. 'फ्लॉक्सासिन' म्हणजे जंतुनाशक. ही नावं जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने ठरतात, त्यामुळे देश बदलला तरी सहसा बदलत नाहीत. प्रवासात औषध संपलं तर हेच नाव कामी येतं.

हे मी पहिल्या क्रमांकावर ठेवलंय त्याला कारण आहे. टिमोलॉल दम्याच्या रुग्णाला आणि ज्यांच्या हृदयाचे ठोके मंद आहेत त्यांना धोक्याचं ठरू शकतं. डोळ्यात घातलेला थेंब नाकात उतरतो, तिथून रक्तात जातो आणि फुप्फुसांपर्यंत पोचतो. जोड-औषधांत टिमोलॉल दुसऱ्या औषधाच्या बरोबरीने असतं आणि मोठ्या अक्षरांतल्या नावात त्याचा पत्ताही नसतो. कधी असंही होतं की एका डॉक्टरांनी साधं टिमोलॉल दिलेलं असतं, दुसऱ्यांनी जोड-औषध दिलं, आणि दोन वेगळी मोठी नावं पाहून माणूस एकच औषध दुप्पट घालत राहतो. बारीक नावं शेजारी शेजारी ठेवून वाचली तर हे घरीच पकडता येतं.

नावापाठोपाठ तीन गोष्टी जुळवा

औषधाचं नाव जुळलं म्हणजे बाटली जुळली असं नाही. क्षार, टक्केवारी आणि रूप, हे तिन्ही जुळायला हवं.

क्षार, म्हणजे औषधाच्या नावाला जोडलेले पुढचे शब्द: प्रेडनिसोलोन ॲसिटेट आणि प्रेडनिसोलोन सोडियम फॉस्फेट हे दोन्ही स्टेरॉइडचे थेंब. दोन्ही एक टक्क्याची मिळतात. पण ॲसिटेट बुबुळाच्या पारदर्शक पडद्यातून आत जास्त चांगलं शिरतं, म्हणून डोळ्याच्या आतल्या सुजेवर डॉक्टर बहुधा तेच लिहितात. एकाच्या जागी दुसरं घेणं म्हणजे जेनेरिक घेणं नव्हे, ते औषध बदलणं आहे.

टक्केवारी: ॲलर्जीवरचं ओलोपॅटॅडीन ०.१ टक्के असेल तर ते दिवसातून दोनदा घालायचं असतं, ०.२ टक्के असेल तर एकदा. काचबिंदूवरच्या ब्रिमोनिडीनचं ०.२ टक्क्यांचं जेनेरिक सहज मिळतं. त्याच औषधाचा अल्फागन पी हा ब्रँड मात्र ०.१५ आणि ०.१ टक्क्यांत येतं आणि त्यातलं परिरक्षकही निराळं आहे. चिठ्ठीवर ०.१५ असताना हातात ०.२ आलं तर "जास्तच आहे, चांगलं आहे" असं समजून घरी आणू नका.

मला सगळ्यात शिकवून गेलं ते बिमॅटोप्रोस्ट. त्याचा ब्रँड लुमिगन. ते आधी ०.०३ टक्क्यांचं होतं, नंतर ०.०१ टक्क्यांचं आलं. औषध एक-तृतीयांश झालं, पण परिरक्षक ०.००५ वरून ०.०२ टक्क्यांवर गेलं, म्हणजे चौपट. कमी टक्केवारीचं ते सौम्य, असं आपण धरून चालतो. औषधामुळे होणाऱ्या लालीपुरतं ते खरं असेलही, पण ज्याला परिरक्षकच सोसत नाही त्याच्यासाठी हिशेब उलटा पडू शकतो.

रूप: साधं टिमोलॉल सहसा दिवसातून दोनदा असतं. डोळ्यात गेल्यावर घट्ट होणारं जेलसारखं टिमोलॉल एकदाच. नाव तेच, टक्केवारीही तीच असू शकते, तरी एकाच्या जागी दुसरं बसत नाही.

बाटली उजेडाकडे धरा

थेंबांच्या तीन जाती लक्षात ठेवल्या की निम्मा निर्णय होतो.

पारदर्शक द्रावण: लॅटॅनोप्रोस्ट, टिमोलॉल, ब्रिमोनिडीन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, ओलोपॅटॅडीन. इथे जेनेरिकबद्दल फार धास्ती बाळगायचं कारण नाही. औषध पूर्ण विरघळलेलं असतं, पहिल्या थेंबात जितकं तितकंच शेवटच्या थेंबात.

सस्पेन्शन: प्रेडनिसोलोन ॲसिटेट, ब्रिंझोलामाइड, टोब्रामायसिन-डेक्सामेथासोन. यांत औषधाचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. बाटली उभी ठेवली की साका तळाशी बसतो. कण किती बारीक आहेत, साका किती लवकर बसतो, हलवल्यावर पुन्हा नीट मिसळतो की नाही, हे कंपनीगणिक वेगळं असू शकतं. न हलवता थेंब घातला तर सुरुवातीच्या दिवसांत नुसतं पाणी आणि शेवटी शेवटी जाड औषध, असं होऊ शकतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर किंवा डोळ्याच्या आतल्या सुजेवर स्टेरॉइड दिलेलं असेल तर या फरकाला अर्थ आहे. अशा वेळी डॉक्टरांनी ठरावीक कंपनीचं लिहिलं असेल तर त्यांना कारण विचारा आणि जमत असेल तर तेच घ्या. जेनेरिक घेतलं तर बाटली प्रत्येक वेळी चांगली दहा-वीस वेळा हलवा. ब्रँडचं घेतलं तरी हलवाच.

इमल्शन: तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात मिसळून केलेलं दुधाळ औषध. कोरड्या डोळ्यांसाठीचं ०.०५ टक्के सायक्लोस्पोरिन या जातीतलं. त्याच्या रेस्टासिस या ब्रँडला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि त्याच्या पहिल्या जेनेरिकला २०२२ मध्ये. मधल्या वीस वर्षांत पेटंटच्या लढाया होत्याच, पण असं मिश्रण 'तेच आहे' हे सिद्ध कसं करायचं, हाही अवघड प्रश्न होता. मान्यता मिळालेलं जेनेरिक वापरायला हरकत नाही. फक्त या औषधाचा गुण यायला महिने लागतात. त्यामुळे बदल केल्यावर आठवड्याभरात 'लागू पडत नाही' असा निकाल देऊ नका.

आता परिरक्षक

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण आईचा अर्धा प्रश्न इथेच होता.

पुन्हा पुन्हा उघडायच्या बाटलीत जंतू शिरू शकतात, म्हणून परिरक्षक घालतात. सगळ्यात जास्त वापरात आहे ते बेंझाल्कोनियम क्लोराइड. ते जंतूंच्या आवरणाला फोडतं, आणि डोळ्याच्या पृष्ठभागावरच्या पेशींनाही थोडा त्रास देतं. आठवडाभराच्या औषधात हा त्रास कुणाच्या लक्षातही येत नाही. पण काचबिंदूचं औषध वर्षानुवर्षं घालायचं असतं, आणि दोन-तीन औषधं असतील तर प्रत्येक बाटलीतलं परिरक्षक त्याच डोळ्यात जातं. मग डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखं खुपतं, सकाळी लाल दिसतात.

जेनेरिकमध्ये औषध तेच असलं तरी परिरक्षक तेच असेलच असं सगळ्या देशांत नसतं. ट्रॅव्हॅटन झी या ब्रँडमध्ये बेंझाल्कोनियम काढून दुसरं, सौम्य मानलं जाणारं परिरक्षक घातलंय. ट्रॅव्होप्रोस्टच्या एखाद्या जेनेरिकमध्ये बेंझाल्कोनियम असू शकतं. उलट बाजूही आहे. झॅलाटानमध्ये बेंझाल्कोनियम ०.०२ टक्के, म्हणजे थेंबांच्या मानाने भरपूर आहे, आणि लॅटॅनोप्रोस्टच्या काही बिगर-ब्रँड बाटल्या परिरक्षकाशिवाय मिळतात. म्हणजे 'ब्रँड तेवढं सौम्य' हेही खरं नाही. खोक्यावरची घटकांची यादी वाचण्याला पर्याय नाही.

परिरक्षकाकडे खास लक्ष कुणी द्यावं? ज्यांचे डोळे मुळात कोरडे आहेत, जे दिवसाला तीन-चारपेक्षा जास्त वेळा औषध घालतात, ज्यांच्या बुबुळाच्या पडद्याला आजार आहे किंवा त्याचं रोपण झालंय, आणि जे कॉन्टॅक्ट लेन्स लावतात. मऊ लेन्स बेंझाल्कोनियम शोषून धरते. लेन्स काढून औषध घालावं आणि निदान १५ मिनिटं थांबून मग लेन्स लावावी.

बिनऔषधी घटक म्हणजे निरुपद्रवी भर, अशी समजूत असेल तर १९९९ मधली एक घटना सांगते. अमेरिकेत शस्त्रक्रियेनंतर वापरायच्या डायक्लोफेनॅक थेंबांचं एक जेनेरिक बाजारात आलं होतं. ते वापरणाऱ्या काही रुग्णांच्या बुबुळाचा पडदा अक्षरशः विरघळू लागला. नेत्रतज्ज्ञांच्या नोंदी जमा झाल्यावर ते औषध त्याच वर्षी बाजारातून काढून घेतलं गेलं. संशय गेला तो औषधावर कमी आणि ते विरघळवण्यासाठी वापरलेल्या वेगळ्या घटकावर जास्त. या वर्गातल्या ब्रँडच्या थेंबांनीही अशी इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत, म्हणून सगळा दोष जेनेरिकच्या माथी मारणं बरोबर होणार नाही. पण उरलेल्या भागांतही पुष्कळ काही दडलेलं असतं, हे त्यातून लख्ख दिसतं.

परिरक्षक नसलेलं सगळंच चांगलं, असंही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांतून औषधांना न जुमानणारे जंतू पसरले. १८ राज्यांत ८१ जणांना संसर्ग झाला, १४ जणांची दृष्टी गेली, चौघांचा मृत्यू झाला. अनेकदा उघडायची बाटली आणि आत पुरेसं परिरक्षक नाही, हा तिथल्या औषध प्रशासनाने दाखवलेल्या दोषांपैकी एक होता. परिरक्षकविरहित औषध घ्यायचं तर ते एकदाच वापरायच्या छोट्या नळ्यांत असावं, किंवा हवा आत न येऊ देणाऱ्या खास बाटलीत. नळी उघडल्यावर उरलेलं औषध जपून ठेवू नका. जीव तुटतो ते टाकताना, मला माहीत आहे, पण टाका.

बाटली हातात घेऊन पाहा

आईच्या बोटांना सांधेदुखी आहे. जुनी बाटली मऊ होती, हलकं दाबलं की एक थेंब पडायचा. नव्या बाटलीचं प्लास्टिक इतकं टणक की तिला दोन्ही हात लावावे लागायचे, आणि जोर लावला की तीन थेंब गालावर. मी घरी नसेन त्या रात्री औषध डोळ्यात गेलंच नाही, असंही झालं असणार. तिचं "हे माझं औषध नाही" याचा अर्धा अर्थ हा होता. मी तो फार उशिरा लक्षात घेतला, याची मला अजून टोचणी आहे.

प्रयोगशाळेत बाटली कुणाच्या दुखऱ्या बोटांत देऊन पाहत नाहीत. ते आपणच पाहायचं. तोंड किती बारीक आहे, दाबायला किती जोर लागतो, थेंब केवढा पडतो, हे सगळं कंपनीगणिक बदलतं. थेंबाचा आकार साधारण २५ ते ७० मायक्रोलिटर (मायक्रोलिटर म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग) असू शकतो आणि डोळ्यात मावतात जेमतेम ३०. त्याहून मोठा थेंब जास्त गुण देत नाही, तो गालावर वाहतो.

खर्चाचा हिशेबही थेंबावर करा, बाटलीवर नको. अडीच मिलिलिटरची बाटली घ्या. थेंब ३० मायक्रोलिटरचा असेल तर सुमारे ८३ थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत रोज रात्री एकेक, म्हणजे ४१ दिवस. थेंब ४५ मायक्रोलिटरचा असेल तर ५५ थेंब, २७ दिवस. स्वस्त दिसणारी बाटली दोन आठवडे आधी संपली तर ती स्वस्त राहिली का, ते किमतीला दिवसांनी भागून पाहा. हे कागदावर कळत नाही. पहिली बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर लिहा आणि ती कधी संपते ते पाहा.

झाकणाच्या रंगावर विसंबू नका. अमेरिकेत नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने औषधांच्या कुळांना रंग नेमून दिले आहेत: टिमोलॉलच्या वर्गाला पिवळा, 'झोलामाइड'ला नारिंगी, 'प्रोस्ट'ला हिरवट निळा, स्टेरॉइडला गुलाबी. पण सगळ्या देशांतल्या सगळ्या कंपन्या ते पाळत नाहीत. नजर अधू असलेली माणसं रंगावरूनच बाटली ओळखतात, त्यामुळे कंपनी बदलली की सकाळचं औषध रात्री जाण्याचा धोका असतो. बाटलीला जाड रबरबँड गुंडाळा, एकाला एक, दुसऱ्याला दोन. बोटांना ते अंधारातही कळतं.

साठवणीबद्दल थोडक्यात: झॅलाटानची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते, उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते. दुसऱ्या कंपनीच्या लॅटॅनोप्रोस्टचे नियम वेगळे असू शकतात. बाटली बदलली की खोक्यातलं माहितीचं चिठोरं पुन्हा वाचायचं. बऱ्याच थेंबांची मुदत उघडल्यावर चार आठवडेच असते, खोक्यावरची तारीख पुढची असली तरी.

मग निवड कशी करायची

माझं मत स्पष्ट सांगते. औषध पारदर्शक द्रावण असेल, डोळ्याचा पृष्ठभाग निरोगी असेल, आणि जेनेरिक तुमच्या देशाच्या औषध प्रशासनाने मान्य केलेलं असेल, तर जेनेरिकपासून सुरुवात करा. पाच-सात दिवसांच्या जंतुनाशकासाठी तर ब्रँडवर जास्त पैसे घालायचं कारण मला दिसत नाही. काही जेनेरिक तर मूळ कंपनीचंच औषध, वेगळ्या खोक्यात भरलेलं असतं. फार्मासिस्टना विचारलंत तर ते सांगू शकतील.

काचबिंदूत जेनेरिकची बाजू आणखी भक्कम होते. हा आजार दुखत नाही. औषध चुकलं तरी त्या दिवशी काही कळत नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. ब्रँडची बाटली परवडत नाही म्हणून जो माणूस एक दिवसाआड थेंब घालतो, त्याचा डोळा रोज जेनेरिक घालणाऱ्यापेक्षा धोक्यात आहे. पैशांची अडचण असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. लाजून गप्प बसणारे आणि गुपचूप थेंब कमी करणारे फार असतात, आणि डॉक्टर मात्र औषध लागू पडत नाही असं समजून दुसरं वाढवतात.

ब्रँडवर किंवा ठरावीक कंपनीवर टिकून राहावं, अशा वेळाही आहेत: नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे आणि सस्पेन्शनचं स्टेरॉइड चालू आहे, बुबुळाच्या पडद्याचं रोपण झालंय, काचबिंदू बराच पुढे गेलाय किंवा एकाच डोळ्यावर सगळी भिस्त आहे, किंवा आधीच्या एखाद्या जेनेरिकने त्रास झाला होता. अशा वेळी चिठ्ठीवर 'बदलू नये' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. काही देशांत फार्मासिस्टना आपणहून जेनेरिक देता येतं, काहींत नाही. तुमच्याकडे काय नियम आहे ते पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी असे नेते: "हे औषध जेनेरिकमध्ये घेतलं तर चालेल का? परिरक्षकाबद्दल काही अट आहे का? बदलल्यावर डोळ्याचा दाब तपासायला कधी येऊ?" फार्मासिस्टना: "गेल्या वेळची कंपनी मिळेल का? नसेल तर क्षार, टक्केवारी आणि परिरक्षक तेच आहे ना?" पाच प्रश्न, दोन मिनिटं. चांगले डॉक्टर आणि चांगले फार्मासिस्ट याने वैतागत नाहीत.

बदलल्यानंतरचे दिवस

एका वेळी एकच औषध बदला. दोन बदलली आणि डोळा लाल झाला तर कुणामुळे ते कळणार नाही. आणि जेनेरिक ठरवलं की त्यातही शक्यतो एकाच कंपनीचं घेत राहा. ब्रँडवरून जेनेरिकवर एकदा जाण्यापेक्षा दर महिन्याला नव्या जेनेरिकवर उडी मारणं जास्त गोंधळाचं असतं.

काचबिंदूच्या औषधाची कंपनी बदलली तर डोळ्याचा दाब काही आठवड्यांनी तपासून घ्या आणि आधीच्या आकड्याशी ताडून पाहा. दाब वाढलेला दिसला तर लगेच औषधाला दोष देण्याआधी थेंब खरोखर आत जातोय का ते पाहा. खालची पापणी हलकेच खाली ओढा, तिथे झालेल्या खळग्यात एक थेंब, मग डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं दाबून धरा. त्याने औषध नाकात कमी उतरतं. एरवीही थेंबातलं पाच टक्क्यांहून कमी औषध डोळ्याच्या आत पोचतं, त्यामुळे इथे घाई परवडत नाही. दुसरं औषध असेल तर पाच मिनिटं थांबा. आधीचं धुऊन जाऊ देऊ नका. मलम सगळ्यात शेवटी.

थेंब पडल्यावर क्षणभर चुरचुरणं चालतं, आणि नव्या बाटलीचं चुरचुरणं जुन्याहून वेगळं वाटणंही चालतं. सामू किंचित वेगळा असला तरी डोळ्याला ते कळतं. पण डोळा दुखू लागला, उजेड सोसेना, नजर धूसर झाली, पापण्या सुजल्या किंवा लाली दोन-तीन दिवसांत कमी झाली नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. मनाने औषध बंद करून पुढच्या तारखेपर्यंत बसू नका, काचबिंदूत तर अजिबात नाही.

आणि ती बाटली फेकू नका, खोकंही नको. त्यावर कंपनीचं नाव आणि बॅच क्रमांक असतो. तो डॉक्टरांना दाखवा, फार्मासिस्टना सांगा आणि औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवायची सोय असेल तर नोंदवा. १९९९ मधलं ते औषध बाजारातून गेलं ते वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र आल्यामुळेच. आमच्या घरी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलेला आहे: औषधाचं बारीक नाव, टक्केवारी, कंपनी, परिरक्षक, उघडल्याची तारीख, शेवटचा दाब. बाटली बदलली की आई स्वतः खाली नवी ओळ लिहिते, आणि बाटली दाबायला जड गेली तर तेही लिहिते.